न तपासलेली खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. उलट – आणि इथेच माझी जीभ अडते – याच गोष्टीचं एक वेगळं रूप मी कितीतरी जणांना सांगत आले. त्या रूपात मी फसवली गेलेली असते. ऐकणारे हळहळतात. "सख्ख्या मामानं असं करावं?" म्हणतात. मी नुसती खाली बघते. आणि ते बघणंही किती छान जमायला लागलंय मला!

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली बाई. डहाणूला २०१४ मध्ये स्वतःचं छोटंसं ऑफिस टाकलं. कामं कसली – कुणाच्या ओट्याची दुरुस्ती, कुणाचं संडास-बाथरूम, कुणाचा गळका स्लॅब. सासरी त्याला 'हिचा छंद' म्हणत. दोन वर्षं मी अशा एका कामाची वाट बघत होते, की ज्याच्याकडे बोट दाखवून सांगता येईल – हे मी केलं.

ते काम मामांनी दिलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. चिखल्याला त्यांची चिकूची वाडी, आणि वाडीच्या कडेला आजोबांनी चालवलेला फुग्यांचा कारखाना. कित्येक वर्षं बंद पडलेला. मुंबईच्या एका संस्थेला मुलींसाठी नर्सिंगचे वर्ग आणि वसतिगृह काढायचं होतं, त्यांना ती इमारत पसंत पडली. मामांनी सगळं माझ्या हातात सोपवलं. म्हणाले, "तू सांगशील तिथं मी सही करीन." दुसरं काही विचारलंसुद्धा नाही. इतका भरवसा माझ्यावर याआधी कुणी टाकला होता का? नाही. मग मी त्याचं असं का केलं?

थांबा – सांगते. क्रमानं सांगते.

संस्थेची एकच अट होती. इमारतीत ॲस्बेस्टॉस – ज्याचे तंतू श्वासातून छातीत जाऊन बसतात ते – आहे का, हे तपासून अहवाल द्यायचा. आपल्याकडे हे कोण करतं? सिमेंटचे पत्रे तर घरोघरी असतात. पण त्यांना मदत परदेशातून येत होती, त्यामुळे कागद लागणार होता. मी वापीच्या एका माणसाला फोन केला. तो हेच काम करायचा. त्यानं मला नीट समजावून सांगितलं, म्हणून तर मला अज्ञानाचं नाव पुढे करता येत नाही. म्हणाला, "मॅडम, तपासणी दोन जातीची असते. इमारत आहे तशी वापरायची असेल तर मी फिरून बघतो, हाताला लागेल तिथले नमुने घेतो, एका दिवसात काम होतं. पण तोडफोड करणार असाल तर ती चालत नाही. मग भिंती, छत, पाइप, सगळं उघडून बघावं लागतं. इमारत रिकामी पाहिजे, आणि वेळ लागतो. तुम्हाला कुठली पाहिजे?"

कुठली पाहिजे? नकाशा माझ्या समोर टेबलावर होता. मीच काढलेला. त्यात बॉयलरची खोली पूर्ण पाडायची होती आणि तिथे स्वयंपाकघर करायचं होतं.

मी म्हटलं, "पहिली. तोडफोड काही नाहीये."

इतकं सोपं होतं ते. एक वाक्य. संस्थेनं तलासरीला दुसरी एक इमारत बघून ठेवली होती. आमचं लांबलं असतं तर ते तिकडे गेले असते. हे खरं आहे. पण हेही पूर्ण खरं नाही.

पूर्ण खरं असं, की मला आधीच माहीत होतं. बॉयलरच्या खोलीची चावी मामांनी माझ्या हातात दिली होती. वाडीतल्या ओटीवर, चहा पिता पिता, एका सुतळीत बांधलेली. मी एकटीच जाऊन ती खोली उघडून आले होते. बॉयलरवर आणि सगळ्या पाइपांवर पांढऱ्या लेपाचा जाड थर होता. पाइपाच्या एका वळणाशी बोट लावलं तर तो भुसभुशीत होऊन खाली आला आणि आतून कापसासारखे तंतू दिसले. जुन्या वाफेच्या पाइपांवर काय गुंडाळतात, हे मला एका प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. फोटोसकट. मी हात झटकले, कुलूप लावलं, घरी येऊन केस धुतले. दोनदा धुतले.

तपासणीवाला आला तेव्हा त्यानं सगळी इमारत बघितली. छपराचे पत्रे टिपून घेतले, धड आहेत, भोकं पाडू नका म्हणाला. शेवटी त्या दाराशी आला. मी म्हटलं, "याची चावी सापडत नाहीये." पर्स माझ्या खांद्याला होती आणि चावी पर्समध्ये. तो म्हणाला, "मग मी लिहितो, खोली पाहिली नाही. आत आहे असंच धरून चालायचं. पाडायच्या आधी मला परत बोलवा, मॅडम." मी हो म्हटलं.

अहवालात त्यानं तसंच लिहिलं. मी तो संस्थेला पाठवला. वरच्या पानावरचा गोषवारा बरा होता, आतलं पान तेव्हा कुणी वाचलं नाही. मी मात्र वाचलं होतं.

पाडायला रानशेतचे रघूदादा आले. मी पहिल्यांदा साइटवर उभी राहिले तेव्हा गवंडी तोंड फिरवून हसत होते, आणि या माणसानं ओळंबा माझ्या हातात देऊन भिंत कशी बघायची ते शिकवलं होतं. माझ्या कामांवरच काय, मामांच्या वाडीतही त्यांच्या घरची माणसं वर्षानुवर्षं राबत आलेली. त्या दिवशी बरोबर त्यांची बायको होती, सोनीबाई. रघूदादांनी मला बाजूला घेतलं. लेपाकडे बोट करून म्हणाले, "बाय, ते पांढरं काय हाय? हिला बरोबर आनलीय, पन हिच्या छातीला धूळ सोसत नाय. तू सांग, ही आली तर चालंल ना?"

मुद्दाम विचारलं होतं त्यांनी. मला विचारलं होतं.

मी म्हटलं, "चुना आहे दादा. सगळं तपासून घेतलंय. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

दाराचं कुलूप मी त्यांना घणानं तोडायला लावलं. चावी हरवली होती ना! मग तीन दिवस ते तो थर फोडत होते. तोंडाला फडकं, बाकी काही नाही. सोनीबाई घमेली डोक्यावरून नेऊन मागच्या सुरूच्या झाडांखाली खड्ड्यात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी बाहेर येता येता मला हसून म्हणाल्या, "बघ बाय, मी एका दिसात म्हातारी झाली." केस, पापण्या, सगळं पांढरं झालेलं. मीही हसले. मी फाटकाबाहेर उभी होते. तिन्ही दिवस, नाकाला ओढणी लावून. मला धुळीची ॲलर्जी आहे असं सांगितलं होतं. आत एक पाऊल टाकलं नाही.

हे वाचून तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतंय, ते मला कळतं.

महिन्याभरात संस्थेचा इंजिनिअर पाहणीला आला. त्यानं अहवाल पानन्‌पान वाचलेला होता. 'न पाहिलेली खोली' त्याला कुठे दिसेना, कारण ती उरलीच नव्हती. तो खड्ड्यापाशी गेला, एक तुकडा पिशवीत घालून घेऊन गेला. निकाल आला तसा तो परत आला. कारखान्याच्या अंगणात आम्ही तिघं, तो, मी, मामा. त्यानं विचारलं, "खोली तपासायला का उघडली नाही? चावी कुणाकडे होती?"

मी म्हटलं, "मामा म्हणाले होते, हरवलीय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. वाडीत कधी वाट चुकली की माणूस थांबून झाडं बघतो ना, तसे ते बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. माझ्याकडूनच हरवली असेल."

मला वाचवलं त्यांनी, की त्यांना खरंच तसं वाटलं? मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले की त्यांनी जाणूनबुजून माझ्यावर पांघरूण घातलं. पण एकदा जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "मी ती तुला ओटीवर दिली होती ना गं? सुतळीत बांधून?"

मी म्हटलं, "नाही मामा. तुम्ही विसरताय."

तेव्हापासून ते सगळं लिहून ठेवायला लागले. औषध घेतलं, लिहिलं. पंप बंद केला, लिहिलं. मामी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं स्मरण चांगलं आहे. मामांचा त्यावर विश्वास बसला नाही. माझ्यावर बसला होता.

संस्था तलासरीला गेली. आणि रघूदादा माझ्या ऑफिसात आले. त्या इंजिनिअरनं त्यांना बोलावून सांगितलं होतं. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "बाय, तू सांगितलंस म्हनून मी हिला आनली. तुला म्हाईत व्हतं?"

इथे मला सगळं सांगता आलं असतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो. मी रडायला लागले. "नाही हो दादा. मामांनी चावी हरवली म्हणून सांगितलं. मलाही फसवलं त्यांनी."

ते माझ्या रडण्यापुढे विरघळले. "तुलाबी?" म्हणाले. डोक्यावर हात ठेवला माझ्या. त्यानंतर त्यांच्या घरचं एकही माणूस मामांच्या वाडीत पाऊल टाकत नाही. चिकू उतरवायला मामा तिसरीकडून माणसं आणतात आणि मला विचारतात, "रघू का येत नाही गं? मी त्याला काही बोललो का? मला आठवत नाही."

दरवर्षी मी दोघांना कासाच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायला नेते. पहिल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आत्ता काही दिसत नाही. पण ही धूळ लगेच दिसत नसते, वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढते. तोवर बघत राहायचं. रघूदादांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं.

२०१९ च्या खेपेला सोनीबाईंचा खोकला वाढला होता. त्यांचा जुनाच दमा असेल, डॉक्टर म्हणाले. असेल. नसेलही. मला विचारण्याचा हक्क नाही. रांगेत त्यांनी माझ्यासाठी बांधून आणलेली वालाची पापडी माझ्या मांडीवर ठेवली. नर्सनं विचारलं, या तुमच्या कोण? सोनीबाईंनी माझा हात धरला. दम खात खात म्हणाल्या, "ही आमची बाय. लई गुनाची हाय. हिच्या मामानं हिलाबी फसवलं."

नर्स माझ्याकडे बघून चुकचुकली.

मी मान हलवली. हो म्हटलं.