गवतावर चेंडू उसळत नाही

नगर सोडलं त्या सकाळी अण्णा मला एसटी स्टँडवर नेण्याआधी क्लबात घेऊन गेले. आई सामानासह टांग्यात बसून राहिली आणि आम्ही बापलेक कॅम्पाच्या कडेला असलेल्या त्या एकुलत्या टेनिस कोर्टापाशी उभे राहिलो. क्लब कारकुनांचा, कोर्ट मुरमाचं. दर आठवड्याला सखूबाई ते अंगणासारखं शेणानं सारवायच्या. नवे बूट घालून मी आत पाय टाकणार, तोच त्या म्हणाल्या, "मास्तर, वलं हाय अजून. इलायतेत तरी खाली बघून चाला."

अण्णा हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे गवताची कोर्टं असतात. गवतावर चेंडू उसळत नाही, खालून सरकत येतो. गुडघे वाकवायचे."

मी टेनिस खेळणारा नव्हतोच. पुस्तकात डोकं घालून वाढलेला एकुलता मुलगा, इंग्लंडातल्या एका शाळेत गणित शिकवायला निघालेला. अण्णांनी मला निरोप दिला होता, हे विमानात बसल्यावर लक्षात आलं.

अण्णांचा एक लाडका खेळाडू होता, स्पेनचा. नावाचा उच्चार नक्की कसा, याची खात्री नसल्यामुळे ते त्याला 'आपला स्पेनवाला' म्हणत. पुण्याहून शिळा होऊन येणाऱ्या इंग्रजी पेपरात त्याचा निकाल बोटभर जागेत सापडायचा. मातीवर भल्याभल्यांना दमवणारा हा माणूस गवतावर गेला की लवकरच हरून बाहेर पडे. तिशी उलटली तरी दरवर्षी जायचाच. आई म्हणायची, "हरायला एवढ्या लांब कशाला तडफडतो मेला?" अण्णांचं उत्तर ठरलेलं असे. "शिकतोय तो."

पहिला हिवाळा मला जड गेला. वर्गातली पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करत. फोडणीचा वास जावा म्हणून लँडलेडी बर्फातही खिडक्या उघड्या ठेवी. उन्हाळा आला तेव्हा लंडनला जाऊन मी स्पेनवाल्याला गवतावर खेळताना पाहिलं. त्याचा पाय घसरे आणि प्रत्येक वेळी तो क्षणभर जमिनीकडे बघे, ओळख विचारल्यासारखा. तो हरला. ते सगळं मी अण्णांना लिहिलं, आणि शेवटी भीत भीत हेही लिहिलं, की नगरच्या एखाद्या हायस्कुलात जागा असली तर बघा.

जागेबद्दल त्यांनी एक शब्द लिहिला नाही. उलट विचारलं, "तो डबल्स खेळला का? गवत एकट्यानं जमत नाही माणसाला." त्याच आठवड्यात मी स्टाफरूममधल्या देसाई मास्तरांचं जेवायचं आमंत्रण पहिल्यांदा स्वीकारलं. ते सुरतेचे. आमटीत गूळ फार होता, पण मी दोनदा वाढून घेतली.

पुढच्या सुट्टीत घरी आलो तो दुष्काळात. पाऊस नव्हता, जनावरं विकली गेलेली, शेण मिळेना, पाणी प्यायलाच पुरेना. सखूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. कोर्टाला भेगा पडल्या होत्या. तरी अण्णा संध्याकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसत. त्यांची नोकरी संपत आली होती आणि आईचे गुडघे धरले होते. एका संध्याकाळी मी विचारलं, "अण्णा, मी इथेच राहू का?"

त्यांनी चपलेनं समोरच्या भेगेत थोडी माती लोटली. त्या आठवड्यात पेपरात आलं होतं, की स्पेनवाला आता स्पर्धा सोडून आपल्या गावी परतणार आहे.

"तो गेला घरी," अण्णा म्हणाले. "त्याचं तिकडचं खेळून झालं असेल. तुझं झालं का?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही."

"मग?"

घरी येईपर्यंत आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो.

पुढचा पाऊस चांगला झाला आणि तो पाहून अण्णा गेले. तार मिळून मी पोचलो तोवर दहावा उजाडला होता. संध्याकाळी पाय आपोआप क्लबाकडे वळले. सखूबाई कोर्ट सारवत होत्या. मला बघून हात न थांबवता त्या बोलत राहिल्या. क्लबातली तरुण मंडळी हिरवळ लावायची म्हणत होती, सारखं सारवायची कटकट नको म्हणून. अण्णा आडवे आले होते.

"म्हनायचे, गवत लावू नगा हं कुनी. पोरगं तिकडं गवतावरच खेळतंय. आलं कधी, तर त्याला माती नगं का?"

मी बूट काढले आणि त्यांच्या शेजारी बसून शेणात हात घातला. "तसा न्हाई वं, मास्तर," त्या म्हणाल्या, "हात गोल फिरवा." अंधार पडेपर्यंत आम्ही बेसलाइनपर्यंत आलो.

आता आई माझ्याकडे असते आणि लँडलेडीशी हातवारे करून भांडते. खिडक्या बंद असतात. उन्हाळ्यात देसाई मास्तर आणि मी पार्कातल्या गवतावर डबल्स खेळतो. बहुतेकदा हरतो. चेंडू खालून सरकत येतो, मी गुडघे वाकवतो, कधी कधी लागतोही.

माझ्या ओळखीतले जे नगरला राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते सगळेच मला विचारतात, परत कधी. मला माहीत नाही. पण तिथे एका माणसानं माझ्यासाठी गवत उगवू दिलं नाही. घर म्हटलं की मला आता तेवढी जमीन दिसते, ओली, नुकती सारवलेली, आणि मी बूट हातात घेऊन कडेला उभा असतो.