मांजराची साक्ष

माझा पाय वाईट आहे, हे माझ्या सासरी एका मांजरीने ठरवलं. गावातल्या चार माणसांनी ठरवलं असतं तर मी भांडले असते. मांजरीशी काय भांडणार?

माझं माहेर किन्हवलीकडचं, सासर टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, नवरा, धाकटा दीर आणि ही करडी मांजरी. भाताच्या कणगीला उंदीर लागू द्यायचा नाही हे तिचं काम, आणि दोन वेळा भातात कुस्करलेलं सुक्या बोंबलाचं डोकं हा तिचा पगार. आधी तो सासूच्या हातून मिळायचा. सून आली तशी चूल, शेण, पाणी आणि मांजरीची थाळी, सगळंच माझ्याकडे आलं.

थोड्याच दिवसांत मांजरी बिघडली. थाळी ठेवली की धावत यायची, घास तोंडात घ्यायची आणि एकदम मान झटकून, फिसकारून पळायची. अंग चाटणं सोडलं, पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या. पुढे पुढे तर मी नुसती दिसले तरी उठून गोठ्यात जायची. सासूच्या पायाशी मात्र खुशाल बसायची.

"मुक्या जनावराला आधी कळतं गो," सासू शेजारणीला सांगत होती, मला ऐकू येईल अशा बेताने. "हिच्या हातचं मांजर पन खात नाय. पाय बरा नाय पोरीचा."

त्याच सुमाराला म्हैस आटली. गाभण म्हैस आटणारच, पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि फांदी माझ्या डोक्यावर आली.

आमच्याकडे राबात, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या जमिनीत, भात पेरताना पहिली मूठ थोरल्या सुनेने टाकायची असते. ती टाकली की बाई त्या घरची झाली, मग तिला कोणी परकी म्हणत नाही. मी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून राबाशी उभी राहिले. सासूने बियाण्याची टोपली माझ्या हातात दिलीच नाही. स्वतःच्या कमरेला लावली आणि म्हणाली, "तू घरी जा, भाकऱ्या बग." शेजारची माणसं बघत होती. नवरा खाली मान घालून बांध नीट करत राहिला. बांध नीटच होता.

मग एका दुपारी ओटीवर उन्हात पडलेल्या मांजरीने जांभई दिली. आतल्या हिरड्या लालभडक, मागचे दात काळे, आणि वास तर असा की माशी बसणार नाही. मला माझे आजोबा आठवले. दात सडले तेव्हा तेही असेच मान वाकडी करून एका बाजूने चावायचे आणि मधेच ताट ढकलून आजीवर ओरडायचे.

सासू त्या आठवड्यात माझ्याबद्दल विचारायला पल्याडच्या पाड्यावर भगताकडे गेली. ती गेली तशी मी मांजरीला कोंबड्यांच्या डालग्यात घातलं, वर फडकं बांधलं आणि एसटीने मुरबाडला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

"दात सडलेत," डॉक्टर म्हणाले. "खाल्लं की कळ येते, म्हणून पळते."

"पण माझ्यापासून का पळते?"

"खायला कोण देतं?"

"मीच."

"मग? तिला वाटतं, तुम्हीच दुखवता."

मला तिथेच रडू आलं. डॉक्टरांना वाटलं, मांजरीसाठी. त्यांनी तिला भूल देऊन सडके दात काढले आणि औषध दिलं.

संध्याकाळी सासू कागदाच्या पुडीत अंगारा घेऊन आली आणि पेंगलेल्या मांजरीच्या कपाळाला लावला, मग माझ्या. चार-सहा दिवसांत मांजरी थाळी चाटूनपुसून खायला लागली. आयत्या बिळावर नागोबा बसतो तसा भगत माझ्या मेहनतीवर येऊन बसला.

"आत्याबाई, मी मुरबाडला नेऊन तिचे दात काढून आणलेत," मी सांगितलं.

"दात काढल्यावर कोन जास्त खातं काय गो?" सासू म्हणाली, आणि घर हसलं. नवराही हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही. मग सासूने निकाल दिला, "अंगाऱ्यानं दोष दबलाय, गेला नाय." पुढच्या पेरणीला टोपली तिच्याच कमरेला होती.

काही वर्षांनी दिराचं लग्न झालं. जाऊ सापगावची, गुणाची पोरगी, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने माप ओलांडलं आणि मांजरी कुठूनशी येऊन तिच्या मेंदीच्या पायांना अंग घासायला लागली. दुखणं गेल्यापासून ती कोणालाही घासायची, दूधवाल्यालासुद्धा.

"बगा, बगा! लक्ष्मी आली!" सासू ओरडली. "मांजराला कळतं!" दिराच्या मित्राने मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो अजून घरच्या ग्रुपवर फिरतो.

त्या वर्षी टोपली जावेच्या हातात आली. "ताई, मान तुमचा," ती हळूच म्हणाली. "टाक तू," सासू म्हणाली. तिने मूठ टाकली. मी भाकऱ्या बघायला घरी आले.

हल्ली मांजरी म्हातारी झाली आहे. बोटांनी कुस्करून मऊ केलेला भात तिला मीच भरवते, आणि खाऊन झालं की ती माझ्याच मांडीवर झोपते, दुसऱ्या कोणाकडे जात नाही. सगळ्यांना दिसतं ते. परवा जाऊ सासूला म्हणाली, "बघा आत्याबाई, ताईंना कशी चिकटलीय."

"मांजरच ते," सासू म्हणाली. "ऊब मिळंल तिथं बसतंय. त्याला काय कळतं?"