डावीकडची मेंढरं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंद्रुडला एका लग्नाच्या पंगतीत होतो. हातातला घास ताटात टाकून उठलो. महिना झाला त्याला. माझा हा थोरला भाऊ धर्मापुरीजवळ जन्मभर मेंढरं राखत राहिला. मी शिकून मास्तर झालो तोही त्याच्याच जिवावर.

दादा मेंढरं आकड्यांनी मोजत नसे. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभा राहायचा. मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी आत शिरायची आणि तो नुसती तोंडं बघून मागं कोण राहिलं ते सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला एकाएकी भोवळ आली. चार-आठ दिवसांत उठलाही. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. तेवढे दिवस कळप माझ्याकडे होता. उठल्यावर पहिल्याच संध्याकाळी दादा कुंपणाशी उभा राहिला आणि साऱ्या वस्तीसमोर माझ्यावर ओरडला, "निम्मी मेंढरं कुठं हायत? कुणाला इकली बे?"

ज्यानं वाढवलं त्यानंच चोर ठरवलं. मी बोलणं टाकलं.

पंधरा दिवसांनी वहिनीचा फोन आला. "भावजी, ह्ये ताटातलं उजवीकडचंच खात्यात. डावीकडची भाकर तशीच ऱ्हाती, आन मलाच म्हंत्यात, कावून कमी वाढलं?"

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळे ठणठणीत होते. ते म्हणाले, डोळा नुसता निरोप पाठवतो, बघतो मेंदू. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं चित्र मेंदूच्या मागच्या, उजव्या भागात उमटतं आणि दादाचा नेमका तेवढाच भाग रक्त न पोचल्यानं गेला होता.

"मग त्याला डावीकडं अंधार दिसत असेल ना?" मी विचारलं.

"तुम्हाला पाठीमागं अंधार दिसतो का?"

दादाला डावीकडचं दिसत नाही हे दादालाच ठाऊक नव्हतं, आणि मी रुसून बसलो होतो... फार लाज वाटली.

माफी मागणं दादाच्या स्वभावात नव्हतं. दवाखान्यातून परतल्यावर त्या संध्याकाळी त्यानं मला दंडाला धरून कुंपणाशी नेलं, आपल्या डाव्या हाताला उभं केलं. "हिकडचं तू बघ. तू म्हनशील ते खरं." पुढं दर रविवारी, सुटीत आम्ही तसेच उभे राहायचो. उजवीकडचं तो सांगायचा, डावीकडचं मी.

काल वस्तीवर गेलो होतो. मेंढरं आत शिरली. वहिनीनं विचारलं, "आली का समदी?" मी नेहमीच्या जागी, डावीकडंच उभा होतो.

"माझ्याकडची आली," मी म्हणालो, आणि उजवीकडून दादा काय सांगतो म्हणून थांबलो...