कवटीच्या डोक्यावर ह्यांची टोपी

बायांनो, आज लई आनंद झाला, अन् अंगावर काटाबी आला. नात पूजानं तिनं काढलेलं चित्र बघायला प्रदर्शनात नेलं. तिथला चहा थंडगार व्हता, ते जाऊ द्या.

चित्र बघितलं अन् मी डोईवर पदर ओढला. विजेच्या डीपीच्या पाटीवर धोक्याची कवटी असती ना, तीच, पण टोपी घातलेली. आमचे हे लाइनमन व्हते, खांबावरच गेले. तिरकी टोपी ह्यांचीच.

पूजा घाबरली. "आजी, उतरवू का चित्र?"

"नगं गं. पण टोपी तिरकी कशी काढलीस? मी कधी सांगितलं नाय, फोटोबी नाय."

"हात तसाच वळला, आजी."

मी लई वेळ बघत बसले. हे हसत व्हते. कवटी हसतीच म्हणा. तुमचं गेलेलं माणूस असं समोर आलं, तर तुम्ही भ्याल का बोलाल?