बीच टूरचं मावंदं

“पोरी, उद्या देवळात जाची गाडी किती वाजता हाये?”

मी रिसॉर्टच्या रिसेप्शनवर खोल्यांच्या चाव्या वाटत होते. वेलकम ड्रिंक म्हणून मिळालेलं शहाळं हातात धरून कमलाकाकू समोर उभ्या होत्या. मला वाटलं, गंमत करतायत. अंदमानातलं एक बेट, समोर निळा समुद्र, मागे झोपाळे, आणि देऊळ? मी हसले. काकू हसल्या नाहीत.

“कोणत्या देवळात, काकू?”

“थे तुले मालूम. आम्ही त तुह्या भरवशावर आलो.”

मी वर्ध्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. लोकांना वाटतं, ही बाई फुकटात जग फिरते. खरं म्हणजे नव्या गावात उतरले की मी आधी संडास कुठे आहे ते बघते, समुद्र नंतर. पण इतक्या वर्षांत बीच टूरवर देवळाची गाडी मला कोणी विचारली नव्हती.

कमलाकाकू आणि वामनकाका सेलूचे. भाजीपाल्याची शेती. वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीत. आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली म्हणून त्याने आमच्याकडे त्यांचं बुकिंग केलं आणि घरी फोन करून सांगितलं, “आई, तुम्हा दोघांना समुद्रावर पाठवतो.” त्याच्या डोळ्यांपुढे झोपाळा आणि नारळपाणी होतं. काकूंच्या डोळ्यांपुढे रामेश्वर, द्वारका, जगन्नाथपुरी. माणूस घरचं काम टाकून समुद्रावर जातो तो देवासाठीच. प्रशांतने रिसॉर्टचा फोटो पाठवला, तो त्यांना भक्तनिवास वाटला. भक्तनिवासात पोहायचं टाकंसुद्धा आहे, असं त्यांनी गल्लीत कौतुकाने सांगूनही टाकलं होतं.

“काकू, ही देवाची टूर नाहीये,” मी शक्य तितक्या हळू सांगितलं. “आरामाची आहे.”

“आराम त घरी बी होते,” काकू म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवली. “मंग याचं काय करू?”

आमच्याकडे कोणी तीर्थाला निघालं की गल्लीतल्या बाया घरी येतात, ओटी भरतात, आणि आपापलं काहीतरी देवासाठी सोबत देतात. कोणी सुपारी, कोणी खण, कोणी नुसतं हळदकुंकू. ‘माह्या नावानं वाहजो’ म्हणतात. त्या पुरचुंडीत गल्लीतल्या पाचपन्नास इच्छा बांधलेल्या होत्या. सगळ्यात वर कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या.

“ह्या शेजारच्या रेखाच्या. तिची पोरगी पह्यल्या बाळंतपणाले आली हाये. डॉक्टरनं जपाले सांगतलं. रेखा म्हणे, काकू, देवीच्या हातात घालजो. आता वापस नेल्या त कोणत्या तोंडानं देऊ?”

वर मावंदंही ठरलेलं होतं. तीर्थाहून आलेल्या माणसाने तिथलं पाणी आणायचं, त्याची पूजा करायची आणि गावाला जेवू घालायचं, ते मावंदं. काकूंनी आचारी सांगून ठेवला होता. बोलावणी गेली होती. फक्त देव आणि तीर्थ तेवढं बाकी होतं.

मी खोलीवर जाऊन आयटिनररी उघडली. आयटिनररी म्हणजे कोणत्या दिवशी कुठे जायचं त्याचं वेळापत्रक. आम्ही बीच टूर आखतो तेव्हा रिसॉर्टबाहेरच्या सहलींना एक्सकर्शन म्हणतो, आणि त्या तीन गोष्टींवर ठरतात: भरती-ओहोटी, बोटीची वेळ आणि जेवण. वर्ध्याचा ग्रुप असेल तर तिसरी गोष्ट पहिली. उद्या सकाळी स्नॉर्केलिंग होतं, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघणं. परवा ‘डे ॲट लीझर’. हा आमच्या धंद्यातला फार गोड शब्द आहे. कंपनीने त्या दिवसाचं काहीही ठरवलेलं नाही, असा त्याचा अर्थ. तेरवा सकाळी परतीची फेरीबोट आणि लगेच विमान. पोर्ट ब्लेअरला देवळं आहेत, पण तिथे उतरून थेट विमानतळच गाठायचा होता. एक दिवस आधी जावं, तर फेरी फुल्ल.

मी वर्ध्याला आमच्या साहेबांना फोन लावला.

“मंदिर आयटिनररीत हाये का?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“पैसे मंदिराचे घेतले का?”

“नाही.”

“मंग टेन्शन कायले घेऊन राह्यली? रिसॉर्टच्या लॉबीत गणपती हाये ना? मी फोटोत पाह्यला. तिथंच वाहून टाका म्हणा.”

साहेबांचं म्हणणं मला तेव्हा पटलं, हे कबूल करते. लॉबीत कारंज्याच्या मधोमध काळ्या दगडाचा भला मोठा गणपती होता. खालून निळा दिवा. मी काकूंना घेऊन गेले. त्यांनी सगळीकडून फिरून तो नीट पाहिला.

“याच्याजवळ चपला कोठी काढाच्या?”

मी जागा शोधू लागले. तेवढ्यात आमच्याच ग्रुपमधले देशकर साहेब, बँकेतून निवृत्त झालेले, बुटासकट कठड्यावर चढले आणि गणपतीच्या सोंडेला हात लावून बायकोकडून फोटो काढून घेऊ लागले.

“थो शोचा हाये, पोरी,” काकू म्हणाल्या. “देवासमोर चपला काढाची जागा असते.”



दुसऱ्या दिवशी सगळे स्नॉर्केलिंगला गेले. काकू आल्या, पण किनाऱ्यावर पाण्यापासून दूर पदर डोक्यावर घेऊन बसून राहिल्या. पाण्यात पाय घाला म्हटलं, तर म्हणाल्या, “आधी दर्शन, मंग पाणी.” काका गुडघाभर पाण्यात जाऊन आले, तर त्यांच्याशी तासभर बोलल्या नाहीत. पुण्याहून प्रशांतचा फोन आला.

“मॅडम, आई एन्जॉय करतेय ना?”

“समुद्राकडे बघून बसल्या आहेत.”

“वा! हेच तर हवं होतं.”

त्या समुद्राकडे एखाद्या उधारीवाल्याकडे बघावं तसं बघत होत्या. ते मी त्याला सांगितलं नाही. पण त्या क्षणी मला काकूंचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पन्नास वर्षांत ही बाई पहिल्यांदा घर सोडून इतकी लांब आली होती, आणि गल्लीतल्या सगळ्या बायांचं ओझं मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही तिला मासे दाखवत होतो.

आमचा तिथला ड्रायव्हर होता बिस्वास. बंगाली माणूस. त्याचे आजोबा कधीकाळी तिकडून येऊन या बेटावर स्थायिक झालेले. संध्याकाळी मी त्याला सहज विचारलं, “दादा, इथं आसपास देवीचं मंदिर आहे का हो?”

“है ना मॅडम. हमारे गाँव में. काली माँ.”

“तुम्ही कधी सांगितलं नाही?”

“टूरिस्ट लोग कभी पूछा नहीं.”

इतकी वर्षं मी या बेटावर येत होते. कुठल्या ओहोटीला कुठला खडक दिसतो, मला पाठ होतं. पण इथे माणसं राहतात, त्यांचं गाव असेल, गावाला देवी असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

‘डे ॲट लीझर’ला मी काका-काकूंसाठी एक गाडी सांगितली. नाश्त्याच्या टेबलावर काकू फक्त एवढंच म्हणाल्या, “आम्ही देवीले जाऊन राह्यलो.” झालं. गाडी निघायच्या वेळी अख्खा ग्रुप न्हाऊन-धुऊन दारात. देशकर साहेबांनी कयाकिंगचं बुकिंग केलं होतं. तेही कपाळाला गंध लावून हजर.

“साहेब, तुमची होडी?”

“होडी काय, होडी कव्हाही वल्हवता येते,” देशकर म्हणाले, आणि पुढची सीट पकडून बसले. मी आणखी दोन गाड्या मागवल्या.

गाव मागच्या बाजूला, समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी होतं. दोन्ही बाजूंना भाजीची शेतं. वामनकाकांनी पहिल्याच शेतापाशी गाडी थांबवायला लावली. ते उतरले, बांधावरून वाकून एका वांग्याच्या झाडाची पानं उलटून बघितली, आणि टूर सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

“कमला, आपल्यासारखीच अळी हाये वो इथं!”

इतक्या लांब येऊन कुणाला घरची अळी भेटल्याचा आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. शेतातला माणूस बंगाली बोलत होता, काका वऱ्हाडी. मधे मधे हिंदीचा एखादा शब्द. त्यांचं छान चाललं होतं, म्हणून त्यांना तिथेच सोडून आम्ही पुढे गेलो.

देऊळ पत्र्याच्या छपराचं, लहानसं, पण स्वच्छ. आणि बंद. पुजारी बाजारात भाजी विकायला गेलेला. पायरीजवळ चपला काढण्याची जागा होती, तिथे काकूंनी चपला काढल्या आणि त्या बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “इथवर आलो. आता आईच दार उघडंन.”

आईने नाही, शेजारच्या बाईने उघडलं. पुजाऱ्याची बायको होती ती. हातात पांढऱ्या आणि लाल बांगड्या, कमरेला किल्ल्या. दार उघडताच ग्रुपमधले एकदोघे जरा मागे सरकले. काली माता, काळीभोर, जीभ बाहेर. काकू पुढे गेल्या.

“काकू, भीती नाही वाटत?” देशकरबाईंनी विचारलं.

“रागात असली तरी आईच हाये ना माय.”

त्यांनी पुरचुंडी सोडली. एकेक सुपारी, एकेक खण ठेवताना नाव घेतलं. सगळ्यांची नावं तोंडपाठ. शेवटी रेखाच्या हिरव्या बांगड्या पुढे केल्या. पुजाऱ्याच्या बायकोला काही सांगावं लागलं नाही. काकूंनी स्वतःच्या पोटापुढे हात गोल फिरवून दाखवला, तिने मान हलवली, बांगड्या देवीच्या पायांशी ठेवल्या आणि देवीजवळची एक लाल बांगडी काकूंच्या हातात दिली. मीसुद्धा हात जोडले. ड्युटीवर असताना मी सहसा जोडत नाही.

आता फक्त तीर्थ राहिलं. देवळाबाहेर नळ होता. काकूंनी तो बघितला आणि तोंड फिरवलं. “नळ त सेलूतबी हाये.”

संध्याकाळी बेटाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेलो. काकू पहिल्यांदाच पाण्याजवळ उभ्या राहिल्या.

“पोरी, ह्या समुद्रात कोणत्या नद्या येतेत?”

“हा बंगालचा उपसागर, काकू. गंगा येते, गोदावरी येते.”

“अन् आपली वर्धा?”

मी फोनवर नकाशा उघडला आणि बोटाने मागे मागे गेले. वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते. गोदावरी इथे येते.

“मंग सेलूची बोर?”

“बोर धामला मिळते, धाम वणेला, वणा वर्धेला. म्हणजे बोरसुद्धा इथेच.”

काकू खाली वाकल्या, पाण्याला हात लावून नमस्कार केला, मग गुडघाभर आत गेल्या आणि पाण्याची बाटली रिकामी करून भरून घेतली. काका किनाऱ्यावर उभे होते. त्यांना म्हणाल्या, “अवो, या ना आता. बोर बोलावून राह्यली ना.” दोघं हात धरून पाण्यात उभी राहिली. प्रशांतला हवा होता तो फोटो मी तेव्हा काढला.

महिन्याभराने मावंद्याला मला सेलूला बोलावणं आलं. आमचे वर्ध्याचे साहेबही आले, जेवण चुकवण्याचा त्यांचा स्वभाव नाही. मांडवात कलशाची पूजा झाली, आणि काकू पळीने एकेकाच्या तळहातावर तीर्थ देऊ लागल्या. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने ते तोंडात घेतलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. दुसऱ्याचं तसंच. कुजबूज सुरू झाली. शेवटी कोणीतरी विचारलंच, “काकू, कोणत्या गंगेचं हाये हे? खारट लागून राह्यलं.”

“आपल्याच बोरचं हाये,” काकू शांतपणे म्हणाल्या. “पोरगी सासरी गेली की चव बदलतेच, बाप्पा.”

बाया हसल्या. मग एकेकीने पुन्हा हात पुढे केला आणि दुसऱ्यांदा तीर्थ घेतलं. मांडवाच्या कडेला रेखाची पोरगी बाळ मांडीवर घेऊन बसली होती. मनगटात लाल बांगडी. काकूंनी तिच्या तळहातावर थेंबभर जास्त घातलं.

त्या मांडवात मला अंदमानची तीन बुकिंगं मिळाली. तिघांची अट एकच: ‘काकूची देवी’ पाहिजे. तेव्हापासून आमच्या आयटिनररीत ‘डे ॲट लीझर’ लिहीत नाही, ‘दर्शन व वांग्याचं शेत’ लिहितो. नवीन मुलांना शिकवताना मी एवढंच सांगते: गिऱ्हाइकाला समुद्र दाखवण्याआधी, तो तिथे काय न्यायला आलाय ते विचारा, आणि चपला काढायची जागा बघून ठेवा.

साहेबांनी तीर्थ घेतलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्या कानात विचारलं, “लॉबीतल्या गणपतीचं काय झालं मंग?”

“तो शोचा आहे, साहेब,” मी म्हटलं.