बॅनरवरची होडी

आमच्या मोहल्ल्यातलं माणूस रत्नागिरी स्टेशनवर सामान घेऊन उभं असलं की ते मुंबईच्या गाडीची वाट बघतंय हे न विचारता कळायचं. मुंबईहून विमान, मग दुबई नाहीतर कुवेत. मी मात्र बावीस वर्षांपूर्वी उलट्या दिशेच्या गाडीसाठी उभी होते. ती केरळात जाणार होती आणि तिथून पुढे मालदीव. गणिताच्या शिक्षिकेची नोकरी होती. अम्मी रडत होती. इम्तियाज, माझा धाकटा भाऊ, बॅगेवर बसून वडा खात होता. अब्बांची सगळी उमर जहाजावर गेली, त्यांनी ती बेटं लांबून पाहिली होती. त्यांच्या मते ती बेटं नव्हतीच, समुद्रात कुणाचे तरी पोहे सांडले होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "कुठंही उतरलीस की आधी विचार, पाणी कुठून येतं. बाकीचं मग कळत जातं."

उतरल्यावर मी तेच विचारलं. उत्तर होतं, पावसातून. बेटावरच्या विहिरींचं पाणी मचूळ, धुण्याभांड्यांपुरतं. प्यायचं पाणी प्रत्येक घराच्या छपरावरून पन्हळीतून टाकीत उतरायचं. माझ्या खोलीची टाकी कोरडी होती. शेजारच्या हव्वानं न विचारता आपल्या टाकीतलं पाणी भरून दिलं, आणि पाऊस येईपर्यंत रोज देत राहिली. अब्बांना मी कळवलं, पाणी हव्वाकडून येतं. त्यावर त्यांनी फोनवर फक्त "मग बरं आहे" एवढंच म्हटलं.

बाकी सगळं बाहेरून यायचं. तांदूळ, पीठ, साखर, कांदे, बटाटे, अंडी, घर बांधायची खडीसुद्धा राजधानीतून बोटीनं यायची, आणि राजधानीत आलेलं बहुतेक आमच्या इंडियातून. बेटाचा स्वतःचा म्हणजे नारळ आणि मासा. तोही एकच, कुपा, म्हणजे टूना. आमच्याकडे कुपा कुणी कौतुकानं घरात आणत नाही, काळ्या मांसाचा म्हणून नाक मुरडतात. तिथं सकाळी कुपा, संध्याकाळी कुपा. पहिल्या वर्षी मी वैतागले. नंतर सुट्टीवर घरी येताना हव्वा माझ्या बॅगेत वाळवलेला कुपा भरायला लागली आणि अम्मी परतीच्या बॅगेत आमसुलं आणि आंबापोळी. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. अम्मी गेली तेव्हा हव्वानं माझ्याकडे दोन दिवस चूल पेटू दिली नाही, जेवण तिच्याकडून आलं.

हा देश माझ्याहून फार मोठा नाही, माझ्या थोरल्या चुलतभावाच्या वयाचा. मी आले तेव्हा आमच्या बेटावर वीज ठरावीक वेळ यायची आणि राजधानीला जायचं तर अख्खा दिवस होडीत. आता नळाला मशिननं गोडं केलेलं पाणी येतं, स्पीडबोट आहे, दवाखाना आहे, बर्फाचा कारखाना आहे. माझ्या वर्गातली मुलं पर्यटकांसाठी गेस्ट हाऊस चालवतात आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतात. हे होताना मी पाहिलं. जेट्टी इंडियाच्या मदतीनं झाली तेव्हा मला बरं वाटलं, आपल्या घरून काही तरी आलं असं. इथल्यांना काय वाटतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

ते कळलं शिफामुळे. शिफा हव्वाची एकुलती मुलगी, माझी विद्यार्थिनी. इंडियाची शिष्यवृत्ती घेऊन मंगळूरला नर्स झाली आणि परत येऊन बेटाच्या दवाखान्यात लागली. त्यांच्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. एका सकाळी ती हव्वाच्या अंगणात लाल टी-शर्ट घालून उभी होती. छातीवर इंग्रजीत, इंडियानं चालतं व्हावं अशा अर्थाचे दोन शब्द. हातात माझ्यासाठी आणलेली रोटी.

मी रोटी घेतली नाही. माझा हातच पुढे झाला नाही. शिफानं माझी नजर बघितली, खाली छातीकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "तुमच्याबद्दल नाही ते, मिस."

मी विचारलं, मग कुणाबद्दल. ती चिडली नाही. म्हणाली, "तुम्ही जेट्टी बांधलीत, चांगलं केलंत. पण पाटी जेट्टीपेक्षा मोठी लावलीत."

मी ती पाटी रोज बघत होते आणि ती मोठी आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात हव्वा दारात आली. मुलीला म्हणाली, मिस इंडियाची नाही, रत्नागिरीची आहे, शर्ट बदलून ये. शिफानं शर्ट बदलला नाही. रोटी ठेवून कामावर गेली. संध्याकाळी माझं ब्लडप्रेशर तपासायला आली, नेहमीसारखीच.

पुढच्या वर्षी हव्वाचा गुडघा कामातून गेला. शिफानंच मंगळूरच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे ऑपरेशन ठरवलं. तिला रजा मिळेना, म्हणून शाळेची सुट्टी धरून मी बरोबर गेले. ऑपरेशननंतर दीड महिन्यानं पुन्हा दाखवायचं होतं, तोवर विमान नको असं डॉक्टर म्हणाले. मी सांगितलं, आमच्याकडे चल. रत्नागिरीजवळ भाट्याला समुद्राला लागून आमचं घर आहे, इम्तियाजनं तिथं पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात. गाडीनं एका दिवसाचा प्रवास. इम्तियाज फोनवर लगेच हो म्हणाला. त्यानंही हव्वाचा कुपा वर्षानुवर्षं खाल्ला होता.

त्याच दिवसांत तिकडचे काही पुढारी इंडियाबद्दल काहीबाही बोलले, इकडे टीव्ही पेटला, लोकांनी मालदीवची तिकिटं रद्द करायला सुरुवात केली. मी मंगळूरच्या दवाखान्यात होते, औषधांच्या वेळा बघत होते. मला वाटलं, टीव्ही आहे, दोन दिवसांत दुसरं काही सापडेल.

रिक्षा घरासमोर थांबली. फाटकावर आडवा मोठा बॅनर होता. "मालदीव कशाला? भाट्ये आहे ना!" उजवीकडे आमचा किनारा, सुरूची झाडं. डावीकडे निळंशार पाणी, पांढरी वाळू, वाळूत ओढून ठेवलेली एक होडी, आणि त्या सगळ्यावर लाल फुली.

हव्वाला मराठी वाचता येत नाही. तिनं होडीकडे बघितलं. पुढचं टोक वर वळलेलं, त्याला पिवळा रंग. तिच्या नवऱ्यानं मरायच्या आदल्या वर्षी दिलेला. तो गेल्यावर होडी कुणी पाण्यात घातली नाही, ती दारासमोर तशीच उभी आहे. तो फोटो मीच काढला होता आणि घरच्या ग्रुपवर टाकला होता, माझ्या शेजारणीचं अंगण म्हणून.

"ही आमची होडी," हव्वा म्हणाली. राग नव्हता. तिला नीट दिसतंय ना, एवढंच ती माझ्याकडून पक्कं करून घेत होती. रिक्षावाला सामान उतरवू का विचारत होता, मी स्वतःच बॅग ओढून खाली घेतली.

इम्तियाज हसत बाहेर आला, सलाम केला, तिचा वॉकर उचलला, मग आम्ही कुठं बघतोय ते त्याला दिसलं. "अगो आपा," तो म्हणाला, "धंद्याचं आहे ते. तुमच्याबद्दल नाही."

शिफाचाच सूर.

हव्वाला खोलीत झोपवून मी स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, जगात दुसरा फोटो नव्हता का. तो म्हणाला, "नेटवरचा उचलला की कुणी तरी भांडायला येतं. हा आपला घरचा होता." ती कुणाची होडी आहे हे त्याला खरंच माहीत नव्हतं. माझा भाऊ लबाड नाही. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यानं मुद्द्याचं काढलं. सांगलीचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांनी विचारलं तर हव्वा लक्षद्वीपची आहे असं सांगायचं. दिसायला तशाच, समुद्र तोच, आणि लक्षद्वीपचं सध्या सगळ्यांना कौतुक आहे. मी म्हटलं, परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करायची असते, ती मी आता करणार आहे. कागदावर मालदीव आणि ओटीवर लक्षद्वीप, असं कसं चालेल? तो भांडी इकडची तिकडे करत राहिला. मग हळू म्हणाला, "तुझं बरं आहे आपा, तू परत जाशील. कुणी व्हिडिओ काढून टाकला तर? मला इथंच राहायचंय, आणि आपल्या नावासकट राहायचंय."

तो चुकीचं घाबरत होता असं मी म्हणणार नाही. मी एवढी वर्षं बाहेर काढली, त्यानं ती इथं काढली.

सकाळी ओटीवर घावणे आणि चहा होता. सांगलीच्या बाईंनी वॉकर बघितला आणि हव्वाकडे हसून विचारलं, "या कुठल्या?" मी तोंड उघडायच्या आत इम्तियाज म्हणाला, "लक्षद्वीपच्या. आपाच्या मैत्रीण."

बाईंनी हव्वासाठी हिंदीत विचारलं होतं, तोही हिंदीतच म्हणाला, आणि हव्वाला हिंदी कळते. त्या बेटांवर सगळ्यांनाच कळते, पिक्चर बघून. तिनं माझ्याकडे बघितलं. विनंती नाही, तक्रार नाही. मी काय म्हणते तेवढंच तिला बघायचं होतं. समोर इम्तियाजही माझ्याकडेच बघत होता.

"मालदीवच्या," मी म्हटलं. "बाहेर बॅनरवर होडी आहे ना, ती यांच्या नवऱ्याची."

सांगलीच्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. बाईंनी घावण्याचा तुकडा मोडला. मग त्यांनी विचारलं, "ऑपरेशन कशाचं झालं?"

"गुडघ्याचं."

"आमच्या सासूबाईंचं झालंय. जिना चढू देऊ नका, सुरुवातीला बरं वाटतं आणि मग सुजतं." एवढं बोलून त्यांनी चटणीची वाटी हव्वाकडे सरकवली.

तरी ते लोक एक दिवस आधीच निघून गेले. बाईंना जायचं नव्हतं असं मला वाटलं, पण खात्री नाही. व्हिडिओ कुणी काढला नाही. इम्तियाज आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, हव्वाशी मात्र बोलायचा. तिच्यासाठी रोज घरामागच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी स्वतः काढून आणायचा. समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी कसं, हे तिला पटत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा विचारायची, हे येतं कुठून, आणि तो जांभा दगड, वरचा डोंगर, झिरपणारं पाणी असं हातवारे करून समजावून सांगायचा.

बॅनर त्यानं बदलला. मजकूर तोच ठेवला, फोटो दुसरा टाकला. भांडायला कुणी आलं तर बघू म्हणाला. जुना गुंडाळून पडवीत टाकलेला हव्वाला दिसला. तिनं तो मागितला. इम्तियाजचा चेहरा पडला. तो म्हणाला, फुली आहे त्याच्यावर, मी चांगला फोटो काढून पाठवतो. ती म्हणाली, होडीचा एवढा मोठा फोटो माझ्याकडे नाही.

तो बॅनर आता तिच्या अंगणात आहे. बेटावर मिळालेली वस्तू कुणी फेकत नाही. होडीशेजारी तिची दोरीची जाळीदार खुर्ची टांगलेली असते, तिच्यावर सावलीला हव्वानं तो बांधला. फुली उन्हानं विटली, अक्षरं विटली नाहीत. अख्ख्या बेटावर ती मला एकटीला वाचता येतात. जाता येता नजर जाते आणि प्रत्येक वेळी मी ती पुन्हा वाचते.

घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी लगेच सांगायचे, रत्नागिरी. आता थोडं थांबते. दुसऱ्या कुठल्या गावानं काय लिहिलं याचं मला काही वाटत नाही. त्या लाल शर्टाचं वाटलं आणि या बॅनरचं वाटलं. त्यावरून बघायचं तर माझी घरं दोन आहेत, आणि दोन्हीकडे मी बेसावध होते.

परवा शिफानं विचारलं, वर लिहिलंय काय. मी वाचून दाखवलं, मग अर्थ सांगितला, काही न गाळता. तिचा चेहरा उतरला.

"तुमच्याबद्दल नाही ते," मी म्हटलं.

"मीही असंच म्हटलं होतं ना, मिस," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली. आता नळ आहे, पण हव्वाच्या घरी पाहुण्याला अजून टाकीतलंच देतात.