डाव्या खांद्यावरचा भार

त्याला सगळे कप्तान म्हणायचे. हाताखाली एकही माणूस नसलेला कप्तान! होती ती एक शिडाची नाव, तीही मालकाची. आणि एक बायको, ती तर कधीच कुणाच्या हाताखाली राहिली नव्हती. तीस वर्षं तो संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन निघायचा, सरोवरातल्या बेटांमधून फिरवायचा, रात्री मोठ्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा आणि सकाळी सगळ्यांना परत धक्क्यावर आणून सोडायचा. बायको नावेवरच स्वयंपाक करायची.

दोन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. म्हणजे हातातला दोर दिसायचा, पण समोरचं बेट म्हणजे नुसता डाग. डोळ्याच्या आतला पडदाच खराब झालाय, चष्म्याचा काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायकोने सुकाणूपाशी, त्याच्या पाठीमागे, एक खोकं ठेवलं आणि विणकाम घेऊन त्याच्यावर बसली. तिने त्याच्या डाव्या खांद्यावर हात टेकला की नाव डावीकडे, उजव्या खांद्यावर टेकला की उजवीकडे. पाहुण्यांना वाटायचं, या वयातही काय प्रेम आहे बघा! प्रेम होतंच म्हणा, पण त्या प्रेमाचं सगळं लक्ष पाण्यातल्या खडकांवर असायचं.

हे बरोबर नाही, हे कप्तानाला कळत होतं. पण सुकाणू सुटलं की आपण कोण, या विचाराने तो रोज पुन्हा सुकाणू धरायचा.

या खेपेला मालक स्वतः नावेवर आले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं होतं. पुढच्या हंगामात नाव कप्तानाकडे ठेवायची की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं.

"आज चूक करून चालायचं नाही हं," बायको पुटपुटली.

"मी कसली चूक करतोय? डोळे तुझे आहेत."

ती त्या दिवशी पहाटे चारपासून उभी होती. आठ पाहुण्यांचा आणि मालकांचा स्वयंपाक केला, मासे तळले, भांडी घासली. एका बाईंना बोट लागून उलट्या झाल्या, तर रात्रभर त्यांच्या उशाशी बसली. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं, वारा सुटला, तेव्हा तिने नवऱ्याबरोबर शिडाचा दोर ओढला आणि मग कुठे खोक्यावर टेकली.

दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात नाव शिरली. कप्तानाच्या जाड कोटावर, डाव्या खांद्याशी, भार आला. त्याने बिनदिक्कत सुकाणू फिरवलं. दोन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. नाव थोडी पुढे सरकली, खाली काहीतरी मऊ लागलं आणि ती जागच्या जागी थांबली. चिखल!

"अगं, काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

उत्तरादाखल आलं ते घोरणं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर पडलं होतं.

एका हाताने त्याने शिडाचा दोर सैल सोडला आणि तसाच बसून राहिला. नाव रुतली तरी तिला जाग आली नव्हती. ती इतकी थकली असेल, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं, आणि त्याचा दोष डोळ्यांना देता येत नव्हता.

मालक धावत आले. "कप्तान, काय हे? समोर एवढं बेट आहे, दिसत नाही का तुम्हाला?"

वारा फिरला, गाळ वाढलाय, असं काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही दिसत," कप्तान म्हणाला. "दोन वर्षं झाली. हिच्या डोळ्यांवर नाव चालवतोय."

"अहो, पण आठ माणसं आहेत नावेवर!" मालकांचा आवाज चढला. "उठा आधी तिथून!"

"उठतो. सुकाणू आजपासून तुमचंच," कप्तान हलक्या आवाजात म्हणाला. "पण जरा थांबा, मालक. आत्ता हललो तर हिची झोप मोडेल."